जुन्या वस्तूंचे घर आणि दुकानदाराचे इमान

राळेगणसिद्धी म्हटले की लोकांना पाणलोट, दारूबंदी आणि अण्णा हजारे आठवतात. आम्हा व्यापाऱ्यांना तेथील आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. १९७५ साली अण्णा लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा यादवबाबांच्या मंदिराची लाकडे दारूच्या भट्ट्यांत जळून गेली होती. पूर्वजांनी घडविलेले लाकूड गावाला नुसते सरपण वाटू लागले होते. अण्णांनी आपल्या प्रॉव्हिडंट फंडातील सुमारे २० हजार रुपये घालून मंदिराची दुरुस्ती केली. पुढे गावकरीही श्रमदानाला आले. म्हणजे गावाची सुधारणा सुरू झाली ती मोडक्या जुन्या वास्तूच्या दुरुस्तीपासून. याच गावच्या शाळेने नंतर इतरत्र नापास झालेल्या मुलांना प्रवेश दिला. टाकून देण्याआधी आत काय शिल्लक आहे ते पाहावे, हा धडा यातून मिळतो.

आज आमच्या घरांत नेमके उलटे चालले आहे. मुलीचे लग्न ठरले की हप्त्याने सोफा व कपाट येते. ते भुशाच्या फळीचे असते, दोन-तीन पावसाळ्यांत फुगते; हप्ते मात्र चालूच राहतात. त्याच घरातले आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट जागा अडवते म्हणून भंगारवाल्याला मिळेल त्या भावात दिले जाते. ते कपाट पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या मटन स्ट्रीटवरील चोरबाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातील फर्निचर बाजारात पोहोचते. तेथे पॉलिश होते आणि एखाद्या बंगल्याच्या दिवाणखान्यात दिमाखाने उभे राहते. माल आमच्या घरातला, दुकानदार, सुतार आणि पॉलिशवाले पुष्कळसे आमच्याच मोहल्ल्यातले, गिऱ्हाईक मात्र आम्ही नाही! का? तर लोक काय म्हणतील!

वास्तविक आम्ही सगळे गोधडीत वाढलेलो आहोत. आईची जुनी लुगडी एकावर एक ठेवून शिवलेली गोधडी जितकी धुवावी तितकी मऊ होते. दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देत असे, तेव्हा कोणाची इज्जत गेली नाही. मग जुन्या टेबलाने ती कशी जाईल?

कोणी विचारील, नवे कापड विकणारे तुम्ही, जुन्याची वकिली कशी करता? उत्तर सरळ आहे. कर्जात बुडालेले गिऱ्हाईक उधारी वाढवते, दुकान वाढवत नाही. शिवाय जुन्या दिवाणालाही नवी चादर लागतेच. मात्र वापरलेली गादी व उशी कधी घेऊ नये, हेही आम्ही स्पष्ट सांगतो.

पण दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एक जुने कपाट घेतले. बाहेरून पॉलिश आरशासारखे होते. महिनाभरात खाली पिवळी भुकटी पडू लागली, आत भुंगा होता. दुकानदाराने भोके मेणाने बुजवली होती. दुकानदार म्हणाला, "जुना माल आहे, चालायचेच." नाही, चालायचे नाही! वर सुके व खाली ओले धान्य ठेवणाऱ्या विक्रेत्याला हुजूरांनी कसे टोकले, हे आम्ही सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. ऐब सांगून विकलेला जुना माल हलाल सौदा आहे. झाकून विकलेला नवाही नाही.

चोरबाजार हे नाव मुळात 'शोर' शब्दावरून पडले असे म्हणतात. ते असो वा नसो, नावातला चोर धुऊन काढणे दुकानदारांच्याच हाती आहे. माल कोणाकडून घेतला याची नोंद ठेवावी आणि गिऱ्हाइकाला पावती द्यावी. कराची भीती बाळगू नये. जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे वापरलेला माल आहे तसा किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकला आणि खरेदीवर क्रेडिट घेतले नसेल, तर कर फक्त खरेदी व विक्रीच्या फरकावर लागतो. ही सवलत पुष्कळांना ठाऊकच नाही.

घेणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. कपाट उलटे करून तळ पाहावा. ताजी भुकटी दिसली तर सोडून द्यावे. फळीची कड पाहिली की सागवान आहे की प्लायवर पातळ पापुद्रा चिकटवला आहे, ते कळते. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये आणि घासताना मुलांना दूर ठेवावे. पडद्याचे कापड उजेडासमोर धरावे, विरलेली जागा लगेच दिसते. एक धागा काढून जाळावा. सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. तांब्या-पितळेची भांडी शोभेला ठेवा, पण स्वयंपाकात घ्यायची तर आधी कल्हई करून घ्या.

पुढच्या लग्नाची यादी करताना घरातल्या मोठ्यांनी एकदा माळ्यावर चढून पाहावे. तेथे धूळ खात पडलेला दिवाण एखाद्या सुताराला दोन दिवसांची मजुरी देईल आणि मुलीच्या संसारावरचे तीन वर्षांचे हप्ते वाचवील. यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.