बारावीची वाट पाहू नका

साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात आहे ते १७२४ च्या लढाईमुळं. निजामानं मुबारिझखानाला इथंच लोळवलं. आमच्या पोरांची लढाई कागदांशी आहे.

पोरगं नववीत जातं तेव्हा कॉलेजचं नाव कुणी काढत नाही. बारावी झाली की धावाधाव. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वर जातवैधता. त्यासाठी पुरावा मागतात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. ज्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याच शाळेचा उतारा आणा म्हणे! तो नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल शोधा, जमिनीचा कागद शोधा. हे काय आठ दिवसांत होतं? कागद अडला की राखीव जागा हातची जाते आणि वर ऐकायचं, 'यांना लायकी नाही.'

म्हणून मी म्हणतो, नववीतच कागद गोळा करा. त्याआधी आठवीत एनएमएमएसची परीक्षा द्या. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. ती भीक नव्हे, हक्क आहे.

शहरातल्या गड्यांनो, बाबासाहेबांनी १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं. आपण निदान सुट्टीत गावी जाऊन चार पोरांचे फॉर्म भरू. मोर्चे काढूच. पण तहसीलची खिडकीही सोडायची नाही.