पोतं अहमदपूरला उघडा

परवा एका पतसंस्थेच्या कामात पंच म्हणून बसायची वेळ आली. पंच म्हणजे काय, तर दोन पोरांची भांडणं ऐकायची! सर्व्हरचा भाग नांदेडच्या पोराने पीएचपीत लिहिलेला, स्क्रीनचा भाग लातूरच्या पोराने जावास्क्रिप्टमध्ये. सभासदांची यादी कालपर्यंत दिसत होती, आज पान कोरं. नांदेडकर म्हणतो, "माझ्याकडून बरोबर जातंय." लातूरकर म्हणतो, "माझ्याकडे येतंच चुकीचं." आठ दिवस हेच. आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा २००९ सालचा वाद ज्यांनी पाहिलाय त्यांना ही भाषा काही नवी नाही.

मी एवढंच विचारलं, "मधे नेमकं काय गेलं ते कुणी पाहिलं का?" दोघेही गप्प.

नांदेडहून पोतं निघालं, लातूरला पोचलं तेव्हा त्यात माल वेगळा निघाला, तर शहाणा माणूस काय करेल? वाटेत अहमदपूरला गाडी थांबवून पोतं उघडून बघेल. तिथे माल बरोबर असेल तर चूक पुढे, नसेल तर मागे. ब्राउझरमध्ये यासाठी नेटवर्क नावाची खिडकी फुकट दिलेली आहे. आम्ही ती उघडली आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. एक सभासद वारले होते, त्यांचं नाव यादीतून गाळलं होतं. पीएचपीत मधलं नाव गाळलं तरी बाकीच्यांचे क्रमांक तेच राहतात: शून्य, एक, तीन, चार. मधे दोन नाही म्हटल्यावर पीएचपी तिला साधी यादी समजत नाही, आणि जेसन करताना चौकोनी कंसाऐवजी महिरपी कंस टाकते. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने ती यादीच नव्हे. क्रमांक नव्याने लावणारी एक ओळ घातली, काम झालं.

आता माझं भांडण. चूक सगळ्यांची होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. राग येतो तो त्या आठ दिवसांत ऐकलेल्या तीन वाक्यांचा.

पहिलं, "माझ्याकडे चालतंय." अरे, तुझ्याकडे चालतंय याला काय अर्थ आहे? दोन भाषांमधल्या देवाणघेवाणीत "माझ्याकडे" असं काही नसतंच. कर्जदाराच्या जन्मतारखेचंच घ्या. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लिहून टाकलेली किती माणसं आहेत! पीएचपीने १ जून दिला. जावास्क्रिप्टने तो भारतातल्या मध्यरात्रीचा धरला आणि परत पाठवताना ग्रिनिचच्या वेळेत बदलला, म्हणजे साडेपाच तास मागे. झाला ३१ मे. पुन्हा सेव्ह केलं की ३० मे. दोन्हीकडचा कोड आपापल्या जागी "चालतोय", फक्त माणूस दर वेळी एक दिवस म्हातारा होतोय.

दुसरं वाक्य, "पीएचपीच टाकाऊ आहे, भाषा बदला." हे म्हणजे शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडण झालं म्हणून गावच सोडण्यासारखं. नव्या गावातही धुरा असणारच. कारकुनाने मराठी कीबोर्डवर २५०० असं देवनागरी आकड्यांत लिहिलं, तर जावास्क्रिप्ट म्हणते हा आकडाच नव्हे आणि जेसनमध्ये तिथे रिकामा 'नल' जातो. तेच अक्षर म्हणून पीएचपीकडे गेलं आणि तिथे त्याचा पूर्णांक केला, तर मुकाट्याने शून्य होतं. यात टाकाऊ भाषा कोणती? दोघींनी आपापले नियम पाळले. आकडा कोणत्या रूपात पाठवायचा हे माणसांनी ठरवायचं होतं, ते ठरवलं नाही.

आणि तिसरं वाक्य. हे मात्र मला सहनच होत नाही. "मराठीमुळे होतंय, सभासदांना नावं इंग्रजीत लिहायला सांगा."

का म्हणून? 'लातूर' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला अक्षरं तीन. जावास्क्रिप्ट लांबी सांगते पाच, कारण काना आणि दीर्घ ऊकार वेगळे मोजले. पीएचपीचं साधं मोजमाप सांगतं पंधरा, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'नांदेड'चंही तसंच: तीन, सहा, अठरा. आता पीएचपीत कुणी नाव दहा बाइटवर कापलं, की चौथ्या चिन्हाचा एक तुकडा लोंबकळत राहतो. तो तुकडा पाहून जेसन बनवणारं फंक्शन नुसतं 'फॉल्स' म्हणून हात वर करतं आणि अख्खी यादी जाते. 'कऱ्हाळे' आडनावातला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं तर सापडत नाही. जुन्या मायएसक्यूएलमध्ये न सांगता मिळणारी लिपी लॅटिन होती, ती २०१८ साली आठव्या आवृत्तीत बदलली. त्याआधी ज्यांनी लक्ष दिलं नाही त्यांच्या नावांच्या जागी आजही प्रश्नचिन्हांच्या रांगा आहेत. यातल्या प्रत्येक दुखण्याला औषध आहे आणि ते वर्षानुवर्षं माहीत आहे. तरी भुर्दंड कुणी भरायचा, तर सभासदाने, स्वतःचं नाव परक्या लिपीत लिहून?

मराठवाड्याच्या माणसाला तरी हे कळायला हवं. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात सरकारी कारभार उर्दूत होता, आणि जुने कागद मोडीतही आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा हेच उर्दू आणि मोडी कागद बाहेर काढावे लागले. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना नाव नीट उतरलं की नाही, यावर नातवाचा दाखला अडू शकतो. तेव्हा निदान कागद तरी शिल्लक होता. आपण प्रश्नचिन्हं साठवून ठेवली तर पुढच्यांनी शोधायचं कुठे?

"वेळ कुठे आहे? गिऱ्हाईक पैसे देत नाही," असं उत्तर मला मिळालं. त्यात तथ्य आहे. छोट्या कामाचे पैसे खरंच तुटपुंजे असतात. पण भांडणात गेलेल्या आठ दिवसांचे पैसे कुणी दिले? एका कागदावर लिहून घ्यायला अर्धा तास लागतो: सगळीकडे यूटीएफ-८, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी अक्षरांत, खातेक्रमांकही अक्षरांतच म्हणजे पुढचं शून्य गळत नाही, रक्कम कोणत्या आकड्यांत, यादी रिकामी असली तर काय पाठवायचं. आणि त्यावर दोघांच्या सह्या.

लातूर पॅटर्नचं आपण एवढं कौतुक करतो. त्यातलं चांगलं काय होतं? अवघड प्रश्न परीक्षेआधी पुन्हा पुन्हा सोडवून घेणं. मग इथेही घ्या ना! तपासणीच्या यादीत 'टेस्ट' आणि 'एबीसी' कशाला? त्यात कऱ्हाळे घाला, १ जूनवाला घाला, देवनागरीतले अडीच हजार घाला, एक सभासद गाळा. एवढं पार पडलं तरच गिऱ्हाईकाला दाखवा.

असो. यादी आता दिसते. दोन्ही पोरं हुशार आहेत, एकमेकांशी बोलायलाही लागली आहेत. परवा नांदेडकराचा फोन आला. म्हणाला, "काका, लातूरकडून चुकीचं येतंय."

मी विचारलं, "पोतं उघडलंस का?"

"थांबा, बघतो," म्हणाला. अजून तरी परत फोन आलेला नाही.