सहा तारांवरचा षड्ज

रागसंगीतात गिटार रुळली ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवत. ब्रिजभूषण काबरांनी ती वाट घडवली. त्यांची गिटार असलेला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम येऊन आता कितीतरी वर्षं झाली. या अंकाचा विषय वेगळा आहे: छातीशी धरून वाजवायची, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार.

इथे मींड अवघड. सतारीवर एकाच पडद्यावरून तार खेचत चार-पाच सूर गाठता येतात. इथे अर्ध्या सुरासाठीही बोटं झिजतात. पडदे पक्के बसवलेले. त्यामुळे दरबारीच्या आंदोलित गंधाराचा हट्ट धरू नये, हंसध्वनी किंवा दुर्गा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सहावी तार एका सुरानं उतरवून पाहा! खालच्या तीन तारा सा-प-सा बोलू लागतात. मालकंसासाठी पाचवीही तेवढीच उतरवली की सा-म-सा. अंगठा षड्ज जागता ठेवतो, बोटं आलाप मांडतात. नाद लवकर विरतो, म्हणून बढतीत विरामांना जागा द्यावी लागते, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

या गिटारीवर बाखच्या रचना बसवणाऱ्या विद्यार्थ्यांनी रागाकडे वळताना आधी तानपुऱ्यावर एकच राग महिनोन्महिने गावा. मग गिटार उचलावी.