एकच भोंगा, दोन अर्थ

'पायलटची चूक' म्हणून फाईल बंद करणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

१४ ऑगस्ट २००५. लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं हेलिओसचं बोईंग ७३७. देखभालीनंतर केबिनमधल्या दाबाचं बटण 'मॅन्युअल'वरच राहिलेलं. पायलटनीही ते पाहिलं नाही, मान्य. पण चढताना भोंगा वाजला तो कोणता? टेक-ऑफच्या आधी फ्लॅप वगैरे चुकले की वाजतो, अगदी तोच! त्यांना वाटलं, तेच बिघडलंय. मास्क लावायचे राहिले, शुद्ध गेली. विमानातले १२१ च्या १२१ जण गेले.

अहो, दोन वेगळ्या एररना एकच मेसेज देणाऱ्या ज्युनियरला आम्ही कोड रिव्ह्यूत सोलून काढतो.

वेगळे दिवे बसवायची सक्ती अमेरिकेच्या एफएएने केली २०११ साली. दोन दिव्यांना सहा वर्षं!