संगणकाशी गट्टी : मथळा हरवला, गाडी चुकली!

बालमित्रांनो, आपल्या मानखुर्द स्टेशनवर गाडी आली, की ती वाशीपर्यंतच आहे, बेलापूरची आहे की थेट पनवेलची, हे आधी बघावं लागतं. हो ना?

आता समजा, हार्बर मार्गाचं वेळापत्रक तुम्ही संगणकावर स्प्रेडशीटमध्ये भरायला घेतलंत. स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेला तक्ता. डावीकडे स्टेशनांची नावं लिहिलीत : कुर्ला, टिळकनगर, चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, वाशी... अगदी पनवेलपर्यंत. वरच्या ओळीत कोणती गाडी कुठवर जाणार ते लिहिलंत, आणि मधल्या चौकटींत वेळा.

तक्ता झाला झकास! पण पडदा उजवीकडे सरकवला, की ‘मानखुर्द’ हे नाव गायब. खाली सरकवला, की वरचं ‘पनवेल’ गायब. उरले नुसते आकडे! वाशीच्या गाडीची वेळ पनवेलची म्हणून वाचलीत, तर वाशीलाच उतरून दुसरी गाडी शोधायची पाळी येईल. वर्गाच्या तक्त्यात असं झालं, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातील.

यावर उपाय अगदी सोपा आहे. बी रकान्यातल्या दुसऱ्या चौकटीवर, म्हणजे ‘बी २’वर, क्लिक करा. मग ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फ्रीझ पेन्स’ निवडा. वरची ओळ आणि डावीकडची नावं जागच्या जागी थांबतील, बाकीचा तक्ता सरकेल. फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही ‘व्ह्यू’खालीच ही सोय आहे.

ही युक्ती नवी नाही बरं का! डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी तयार केलेला ‘व्हिसिकॅल्क’ १९७९ साली ॲपल २ या संगणकावर आला. त्याच्या तक्त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या, तरीही मथळे धरून ठेवायची सोय त्यात होती. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. मग आपल्याला ती किती हवी, सांगा!

आता पडद्याच्या तळाशी बघा. तिथल्या छोट्या पट्ट्या म्हणजे टॅब. एकेक टॅब म्हणजे तक्त्याचं एकेक पान. ‘शीट १’, ‘शीट २’ अशा नावांवरून काय कळणार? वह्यांना आपण लेबलं लावतो, तशी इथंही लावायची. टॅबवर दोनदा पटकन क्लिक करा आणि लिहा : ‘पनवेलकडे’, ‘सीएसएमटीकडे’, ‘रविवार’. नाव आटोपशीर ठेवा. एक्सेलमध्ये ३१ पेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत. माउसचं उजवं बटण दाबून टॅबला रंगही देता येतो. मात्र नुसत्या रंगावर विसंबू नका. काहींना लाल आणि हिरवा रंग वेगवेगळे ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी नाव हवंच.

एक गंमत लक्षात ठेवा. कंट्रोलचं बटण दाबून माउसचं चाक फिरवलं, की तक्ता मोठा होतो, पण टॅब तेवढेच राहतात! ते मोठे करायचे तर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डिस्प्ले’ उघडा आणि ‘स्केल’ १०० टक्क्यांवरून १२५ करा. मग पडद्यावरचं सगळंच मोठं होईल. मथळ्यांसाठी फिकट रंगावर काळी, ठळक अक्षरं घ्या. पांढऱ्यावर पिवळी नकोत.

हे सगळं कशासाठी? एका संगणकापुढे तिघं-चौघं बसतात, तेव्हा कडेच्या मुलाला काहीच वाचता येत नाही. ‘मला दिसत नाही’ म्हणायला तो लाजतो, आणि सगळ्यांना वाटतं, याला येतच नाही! मोठी अक्षरं केलीत, तर तोही उत्तर देईल. आणि तरीही त्याला डोळे बारीक करावे लागले, तर बाईंना किंवा घरी सांगून त्याचे डोळे तपासून घ्यायला लावा.

या आठवड्याचा उद्योग : तुमच्या वर्गाच्या हजेरीचा तक्ता करा. मग चार पावलं मागं जाऊन बघा. मथळे वाचता आले? शाब्बास! भेटू पुढच्या अंकात.