वज्री आणि खापराचा तुकडा

इतिहास म्हणजे सनावळ्या, लढाया आणि तह, असे म्हणून नाके मुरडणारी मंडळी आमच्या वर्गात पुष्कळ आहेत. मीही त्यांतलीच. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असे काही घडले की, या विषयाशी माझे भांडण निराळ्याच कारणासाठी सुरू झाले.

आजी माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून डोळे दाखवायला पुण्याला आली होती. डॉक्टरांची वेळ दुपारची. मधला वेळ कसा काढावा म्हणून मी तिला शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात घेऊन गेले. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, आणि १९९० साली वारले तोवर तो सुटला नाही. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वस्तू २०,००० हून अधिक. मांडलेल्या त्यांतल्या २,५०० च्या आसपास. आणि वस्तू तरी कोणत्या? अडकित्ते, दिवे, कुलुपे, दौती, फण्या, खिसण्या, शेवयांचे लाकडी यंत्र! लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते, त्या या माणसाने गावोगाव हिंडून उचलून आणल्या. एवढी दृष्टी त्या काळी किती जणांना होती?

वज्र्यांच्या कपाटापाशी आजी थबकली. पितळी वज्र्या, कुणावर मोर, कुणावर हत्ती. ''ह्ये काय गं?'' मी म्हटले, ''टाचा घासायची वज्री.'' ती तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. ''आगं बया! टाचंला मोर? आम्ही खापराचा तुकडा घ्यायचो. न्हाय तर वढ्यातला दगूड.''

मलाही हसू आले. पण घरी आल्यावर तो खापराचा तुकडा डोक्यातून जाईना. मोराची वज्री ज्या घरात होती, तिथल्या बाईच्या टाचांना भेगा कितीशा पडत असतील? आणि जिच्या टाचा उन्हातान्हात फाटल्या, तिचा दगड ओढ्यातच राहिला. याचा दोष केळकरांना देणे कृतघ्नपणा होईल. नक्षीची वस्तू माणूस जपतो, साधी झिजवून टाकतो; मग संग्राहकाच्या हाती येणार काय? पण त्यामुळे 'रोजच्या वापरातील वस्तू' म्हणून आपण जे पाहतो ते बव्हंशी खात्यापित्या घरांतले रोजचे असते, एवढे तरी ध्यानात ठेवायला नको का?

माझी मैत्रीण म्हणते, ''दगड बघायला तिकीट कोण काढील?'' तिचे खरे आहे. नुसता दगड कोणी बघणार नाही. परंतु दगडाबरोबर आजी असली तर? आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या पाट्या सहसा धातू सांगतात, शतक सांगतात, प्रांत सांगतात. वस्तू कोणाच्या हातात होती, हे क्वचितच कळते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी. ओवीला जे साधते ते जात्याला का साधू नये?

हे मी उगाच म्हणत नाही. आमचे गावचे घर विकायचे ठरले आहे आणि जात्याचा प्रश्न उभा आहे. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायचे म्हणून एकजण ते मागतो आहे. मला वाटले, आजी हळहळेल. ती म्हणाली, ''न्हेऊ दे की. हात मोडलं माझं त्याच्यापायी. पिठाची गिरण आली तवा मी देवाला नारळ फोडला.''

जात्याविषयी आपण शहरातली माणसे जे गोडगोड बोलतो, त्यात हा नारळ कुठे आहे? तेव्हापासून मी वही घेऊन तिच्याजवळ बसते. पहाटे तीनला उठून किती दळायचे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो या जात्यावर कशी भरडली. टाकी लावायला येणाऱ्याला पैसे नव्हे, धान्य द्यायचे. खुंटा दोनदा बदलला, दुसरा बाभळीचा. बावीस पाने झाली आहेत. वडिलांना मी सांगून टाकले आहे की जाते विकायचे नाही. ते विचारतात, दोन खोल्यांच्या घरात ठेवायचे कुठे? याचे उत्तर अजून मला सापडलेले नाही. आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाच्या खोलीत, नकाशांच्या कपाटाशेजारी, एक कोपरा रिकामा आहे. प्राचार्यांना तसा अर्ज मी दिला आहे. सोबत बावीस पानांची नक्कलही जोडली आहे.