चाकाचा कागद कोण मागणार?

आज राजकारण नाही, पाणी नाही, कांद्याचा भावही नाही. आज चाकाबद्दल लिहितोय. शेवटपर्यंत वाचा, कारण हे चाक तुमच्या वावरातही येऊ शकतं.

आमच्या ओळखीचं एक पोरगं पुण्यात नोकरी करतं. पगारातून पैसे साठवून त्याने जुनी दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. गावात गाडी आली की लहान पोरं मागे धावायची. पुढे एका खड्ड्यात पुढच्या चाकाची रिम तडकली. मॉडेल बंद पडलेलं, कंपनीकडे रिम मिळेना. मग त्याने दुसऱ्या गाडीची मॅग व्हील आणली. भोकं जुळली, पण रिम आतल्या बाजूने घासायला लागली. उपाय काय? लेथवाल्याकडून स्पेसर करून घेतला. म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी ॲल्युमिनियमची जाड चकती, साधारण दहा मिलिमीटरची. बिल नाही, कागद नाही. तासाभरात काम झालं.

गेल्या हिवाळ्यात नगर-पुणे रोडवर, वाडेगव्हाण फाट्याच्या अलीकडे, स्टिअरिंग थरथरायला लागलं. त्याने गाडी हळू केली, तेवढ्यात पुढचं चाक निघालं. गाडी डिस्कवर घासत थांबली. चाक मात्र थांबलं नाही. चारी ओलांडून ते थेट कांद्याच्या वावरात गेलं. तिथून वीस-पंचवीस पावलांवर बाया खुरपत होत्या.

कुणाला लागलं नाही. पोरगं हा किस्सा हसत सांगतं. मला हसू आलं नाही.

नंतर गॅरेजमध्ये उभं राहून मी समजून घेतलं की झालं काय. आपल्याला वाटतं, गाडीचं वजन बोल्टवर टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळल्यावर रिम हबवर दाबली जाते आणि त्या दाबाच्या घर्षणावर चाक टिकतं. दाब कमी झाला की रिम किंचित सरकते, प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो, सरळ होतो. तार हाताने मागेपुढे वाकवली की तुटते ना, तसंच. या गाडीत स्टड जुनेच, मधे दहा मिलिमीटरची चकती, म्हणून नट जेमतेम चार आटे धरत होता. बारा मिलिमीटरच्या स्टडवर नटाने किमान तेवढीच लांबी धरायला हवी, म्हणजे आठेक आटे. इथे निम्मेच.

आता हिशेब करा. अशा गाडीचं चाक एका किलोमीटरमध्ये साधारण पाचशे फेरे घेतं. नगर ते पुणे 120 किलोमीटर धरा, म्हणजे साठ हजार फेरे. नऊ फेऱ्या जाऊन-येऊन मारल्या की दहा लाख फेरे पार. एवढ्या वेळा वाकवलेली तार किती टिकेल?

मी लेथवाल्याला दोष देत नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. त्याला कुणी विचारलं नाही की धातू कोणत्या ग्रेडचा, भंगारातला की सर्टिफिकेटचा. हबचं मधलं भोक किती मोजलं? नटाची बैठक शंकूची की गोल? विचारायचं काम गिऱ्हाइकाचं होतं.

आणि इथेच मला राळेगणसिद्धी आठवतं. या गावाने महाराष्ट्राला काय शिकवलं? बंधारे, चराई बंदी, ग्रामसभा हे तर खरंच. पण त्याहून मोठं म्हणजे कागद मागायला शिकवलं. रस्ता झाला? मोजमाप पुस्तक दाखवा. काम झालं? बिल दाखवा. माहितीच्या अधिकारासाठी या गावातून लढाई झाली. अण्णा हजारे स्वतः लष्करात ट्रक ड्रायव्हर होते, चाकावर जीव असतो हे त्यांना कुणी सांगायला नको. सरकारकडे पै-पैचा हिशेब मागणारे आपण, ज्या चाकावर बायको-पोरं बसवतो त्याचा कागद का मागत नाही?

कुणी म्हणेल, बनवून घेतलेला पार्ट म्हणजे जुगाडच. मुळीच नाही. ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत इंजिनिअरिंगची पोरं स्वतः छोटी रेसिंग कार बनवतात. हब, अपराइट हे पार्ट स्वतः डिझाइन करून वर्कशॉपमधून करून घेतात. पण अशा फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांचे नियम बघा. चाकाचा बोल्ट बदलला किंवा स्वतः डिझाइन केला, तर तो योग्य अभियांत्रिकीने केल्याचा पुरावा द्यावा लागतो. एकाच नटावर चाक असेल, तर तो नट ढिला झाला तरी चाक सुटू नये अशी सोय लागते. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना जे जमतं, ते आपल्याला का जमू नये?

मोठ्यांचं बघा. फॉर्म्युला वनमध्ये करोडोंच्या गाड्या, जगातले हुशार इंजिनिअर. तरी अपघातात चाकं उडायचीच. म्हणून 1999 पासून चाक गाडीला मजबूत दोरांनी बांधून ठेवणं सक्तीचं झालं. तरीही 2000 साली मोंझाला आणि 2001 साली मेलबर्नला उडालेल्या चाकाने ट्रॅकवरचा एकेक मार्शल गेला. पुढे 2011 पासून प्रत्येक चाकाला दोन दोर आले. दोघेही गाडीत बसलेले नव्हते, बाजूला उभे होते. आमच्या कांद्याच्या वावरातल्या बायांसारखे.

कायदा आहे का? आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करायचा नाही. 2019 साली सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पण दंडाच्या पावतीने तडकलेली रिम बदलत नाही. ज्याच्या गाडीचा पार्ट बाजारातच नाही, त्याने करायचं काय? त्याला सरळ वाट नसेल तर तो आडवाट धरणारच.

गंमत म्हणजे सरळ वाटेची साधनं आपल्याच जिल्ह्यात आहेत. नगरच्या वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. लष्कराच्या गाड्या तिथे तपासल्या जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये तिचं नाव आहे. पुण्याला एआरएआय आहे. सुपा एमआयडीसी आपल्या दारात आहे. रिमच्या चाचण्याही ठरलेल्या आहेत: ड्रमवर भाराखाली लाखो फेरे फिरवणं, वळणावरचा ताण देऊन थकवणं, तिरक्या बसवलेल्या चाकावर वजन आपटून बघणं. ज्ञान आहे, यंत्रं आहेत, चांगले टर्नर आहेत. फक्त या तिघांची गाठ कुणी घालून देत नाही.

म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत.

एक, आरटीओने दंडाबरोबर मंजुरीची वाटही दाखवावी. बंद मॉडेलसाठी बनवलेला पार्ट मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून नोंदवता यावा, तोही सामान्य माणसाला परवडेल अशा फीमध्ये.

दोन, लेथ आणि गॅरेजवाल्या बंधूंनो, बिलावर धातूचा ग्रेड लिहा, ड्रॉइंगशिवाय चाकाचं काम घेऊ नका. चार आट्यांवर नट बसत असेल तर नाही म्हणा. नाही म्हणण्याने गिऱ्हाईक एक जाईल, इज्जत राहील.

तीन, पोरांनो, हौस करा. पण मॅग व्हील घेताना रिमवरचा भार आणि आयएसआयची खूण बघा. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच आवळा, पायाने पान्यावर उभं राहून नाही. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आपलं ते पोरगं शेवटी शहाणं झालं. स्पेसर भंगारात टाकला. आता त्याच्या हबच्या मापाची रिम ड्रॉइंग काढून, सर्टिफिकेटच्या धातूत करून घेतोय. खर्च बराच आहे, वेळही लागतोय. तपासणी होईपर्यंत गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी. मी विचारलं, एवढी घाई होती तुला, आता थांबवतं कसं? म्हणाला, “काका, त्या वावरात माझी मावशी खुरपत होती.”

तुमच्या गाडीच्या चाकाचा कागद आहे का तुमच्याकडे? कमेंटमध्ये सांगा. आणि घरातल्या गाडीप्रेमी पोराला ही पोस्ट नक्की वाचायला द्या.